नवजात बाळाची साखर, ग्लुकोजचा डोस आणि वजनवाढ : नर्सिंगच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष), एनबीएसयू (नवजात बाळाला स्थिर करायचा छोटा कक्ष) आणि प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे. डोस आणि सलाईनचा आदेश डॉक्टरांचा असतो, पण तो आदेश मिलीलिटरमध्ये उतरवून बाळापर्यंत पोचवायचं काम तुमचं. गणित सातवीतलं आहे. चुका होतात त्या वजनात, टक्क्यात आणि दशांशचिन्हात, म्हणून खाली त्यांच्यावरच जास्त लिहिलं आहे.

साखर किती असली की कमी समजायची?

आपल्याकडच्या एसएनसीयूमध्ये रक्तातली साखर ४५ मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्या खाली गेली की कमी धरतात. काही जुन्या तक्त्यांवर ४० हा आकडा दिसेल. आपल्या युनिटमध्ये जो ठरला आहे तोच सगळ्यांनी पाळावा, म्हणजे दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगवेगळं वागणार नाही. परदेशी पुस्तकात किंवा एखाद्या ग्लुकोमीटरवर आकडा मिलीमोलमध्ये असतो. त्याला १८ ने गुणलं की मिग्रॅ मिळतात. २.५ मिलीमोल म्हणजे ४५. मीटरचं युनिट चुकून बदललेलं असेल तर स्क्रीनवर '४.२' असं काहीतरी दिसतं आणि नवीन माणूस घाबरून जातो. ते ७५-७६ असतं.

कोणत्या बाळांची तपासायची आणि किती वेळाने?

२००० ग्रॅमच्या आतलं बाळ, ३५ आठवड्यांआधी जन्मलेलं, दिवसांच्या मानाने फार बारीक किंवा फार मोठं, मधुमेही आईचं, आणि कुठलंही आजारी बाळ. जन्मानंतर साधारण २, ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी तपासतात. सलाईन चालू असलेल्या आजारी बाळाचं वेळापत्रक वेगळं असतं, ते आदेशात लिहिलेलं असतं. बाळ थरथरतंय, निळं पडतंय, श्वास थांबतोय, झटका येतोय, ढिलं पडलंय किंवा दूध ओढत नाहीये, यातलं काहीही दिसलं की वेळापत्रक बघायचं नाही, लगेच टाच टोचायची.

स्ट्रिपवरचा आकडा खोटा कधी निघतो?

सर्वांत जास्त वेळा स्पिरिट न वाळल्यामुळे. स्पिरिट लावून पूर्ण वाळू द्यावं, पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपावा आणि दुसरा थेंब स्ट्रिपला लावावा. टाच थंड असेल तर कोमट कापडाने आधी शेकावी. टाच पिळून काढलेल्या रक्तात पेशीबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा बदलतो. टोचायचं ते टाचेच्या बाहेरच्या किंवा आतल्या कडेला. मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं.

ज्या हातात डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन) चालू आहे त्या हातातून रक्त घेतलं तर साखर ३०० सुद्धा दिसू शकते. नमुना दुसऱ्या हातापायातूनच घ्यावा.

कमी साखरेच्या पट्ट्यात स्ट्रिप तशीही १०-२० मिग्रॅने इकडे-तिकडे होते. त्यामुळे स्ट्रिपवर कमी आलं की शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवायचं, पण उपचार त्या रिपोर्टसाठी थांबवायचे नाहीत. नमुना फ्लोराइडच्या बाटलीत घालून ताबडतोब रवाना करावा. साध्या बाटलीत टेबलावर पडून राहिला तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात. तासाभरात १४ ते १८ मिग्रॅने आकडा उतरतो, आणि ठणठणीत बाळाचा रिपोर्ट 'कमी साखर' म्हणून येतो.

बोलस किती आणि कसा?

बोलस म्हणजे शिरेतून एका वेळी द्यायचा डोस. १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे २ मिली. १० टक्के म्हणजे १०० मिलीत १० ग्रॅम, म्हणजेच १ मिलीत १०० मिग्रॅ. त्यामुळे किलोमागे २ मिली दिलं की २०० मिग्रॅ ग्लुकोज जातं.

या पानावर पुढे एकच बाळ घेऊन चालू. वजन १.८ किलो, वय ३ तास, साखर २२, हातपाय थरथरताहेत. बोलस : २ × १.८ = ३.६ मिली. तो सावकाश, मिनिटाला १ मिलीच्या आसपास द्यावा. घाईने ढकलला तर साखर एकदम चढते, त्यावर इन्सुलिन सुटतं आणि अर्ध्या तासात साखर पहिल्यापेक्षाही खाली येते. याच कारणाने नुसता बोलस देऊन कधी थांबायचं नाही. बोलस संपला की लगेच सलाईन चालू. साखर पुन्हा १५ ते ३० मिनिटांनी बघायची.

बाळाला काहीच लक्षणं नसतील आणि साखर २५ ते ४५ च्या दरम्यान असेल तर बहुतेक वेळा आधी आईचं दूध देतात आणि ३० ते ६० मिनिटांत पुन्हा तपासतात. लक्षणं असतील, किंवा आकडा २५ च्याही खाली असेल, तर दुधावर वेळ घालवायचा नाही.

कपाटात १० टक्के नाही, फक्त २५ टक्क्यांचे अँप्युल आहेत. तेच थोडं दिलं तर?

सरळ देऊ नये. १० टक्के डेक्स्ट्रोजची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचा दाटपणा) सुमारे ५०० असते, २५ टक्क्यांची सुमारे १२६० आणि ५० टक्क्यांची २५०० च्या पुढे. रक्ताची असते ३०० च्या आसपास. १.८ किलोच्या बाळाच्या हातावरची शीर दोऱ्याएवढी असते. २५ टक्के तिच्यात गेलं की ती जळते, आणि बाहेर गळलं तर कातडी काळी पडून जखम होते.

४ मिली २५ टक्के डेक्स्ट्रोज घ्या, त्यात ६ मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी मिसळा. १० मिली तयार झालं, १० टक्क्यांचं. ताळा करून बघा : ४ × २५० = १००० मिग्रॅ, भागिले १० मिली = १०० मिग्रॅ प्रति मिली. त्यातले ३.६ मिली वेगळ्या सिरिंजमध्ये घ्या आणि उरलेलं टाकून द्या. १० मिलीची भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून त्यातूनच बोलस देऊ नये. घाईत कोणीतरी ती पूर्ण ढकलतं.

जीआयआर म्हणजे नक्की काय? सूत्र पाठ आहे, पण ६ कुठून आला ते कळत नाही.

जीआयआर म्हणजे बाळाच्या प्रत्येक किलोला दर मिनिटाला किती मिलिग्रॅम ग्लुकोज मिळतंय ते. सूत्र असं :

जीआयआर = टक्के × तासाचे मिली ÷ (६ × वजन किलोत)

एक टक्का म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. तासाचे मिली गुणिले टक्के गुणिले १० केलं की तासाचे मिग्रॅ आले. मिनिटावर आणायला ६० ने भागायचं. वरचे १० आणि खालचे ६० कापले की खाली ६ उरतात. एवढं समजलं की सूत्र विसरलं तरी कागदावर पुन्हा मांडता येतं.

आपल्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिली या हिशेबाने १०८ मिली, म्हणजे तासाला ४.५ मिली १० टक्के डेक्स्ट्रोज चालू असेल, तर १० × ४.५ ÷ (६ × १.८) = ४५ ÷ १०.८ = ४.२. निरोगी नवजात बाळाचं यकृत स्वतः साधारण ४ ते ६ एवढं ग्लुकोज बनवत असतं. म्हणून साध्या बाळाला ४.२ पुरतं. साखर उतरलेल्या बाळाला सुरुवात ६ पासून करतात.

आदेश 'जीआयआर ६' असा आहे. पंपावर किती लावू?

सूत्र उलटं फिरवा : तासाचे मिली = जीआयआर × ६ × वजन ÷ टक्के.

६ × ६ × १.८ = ६४.८. त्याला १० ने भागलं : ६.४८, म्हणजे पंपावर ६.५ मिली.

इथे थांबून एक गोष्ट बघायला हवी, कारण ती वरचेवर निसटते. ६.५ मिली तासाला म्हणजे दिवसाला १५६ मिली, किलोमागे जवळपास ८७ मिली. पहिल्या दिवशी या बाळाला ६० द्यायचे होते. हा योगायोग नाही. १० टक्के डेक्स्ट्रोजवर जीआयआर ६ हवा असेल तर बाळ कितीही वजनाचं असो, किलोमागे ८६.४ मिलीच लागणार. तेव्हा 'द्रव ६० आणि जीआयआर ६, १० टक्के डेक्स्ट्रोज' असा आदेश लिहिलेला दिसला तर तो पाळता येणारच नाही. दोनपैकी एक आकडा खोटा ठरणार. डॉक्टरांना त्याच वेळी विचारायचं : द्रव वाढवायचं की टक्का?

टक्का वाढवून १२.५ केला तर ६४.८ ÷ १२.५ = ५.२ मिली तासाला, म्हणजे किलोमागे ६९ मिली. हे पहिल्या दिवसाला जवळचं आहे. जीआयआर ८ ला १२.५ टक्क्यांवर ६.९ मिली तासाला लागतात (किलोमागे ९२), १० ला ८.६ मिली (११५) आणि १२ ला १०.४ मिली (१३८). पहिल्या-दुसऱ्या दिवशीच्या बाळाला एवढं पाणी झेपत नाही. हातापायाच्या शिरेतून १२.५ टक्क्यांच्या वर जायचं नसतं. म्हणून जीआयआरची गरज १० च्या पुढे सरकू लागली की नाळेच्या शिरेतून किंवा दुसऱ्या मध्यवर्ती शिरेतून लाईन घ्यायचा विषय निघतो. त्याची तयारी आधीच काढून ठेवलेली बरी.

जीआयआर एका वेळी २ ने वाढवतात आणि प्रत्येक बदलानंतर १५ ते ३० मिनिटांनी साखर बघतात. १२ वरही साखर टिकत नसेल तर मूळ कारण शोधायची आणि इतर औषधांची वेळ आली. ज्येष्ठ डॉक्टरांना कळवा आणि बाळ मोठ्या केंद्रात हलवायची तयारी धरा.

द्रवाचा रोजचा तक्ता कोणता धरायचा?

१५०० ग्रॅम आणि वरचं बाळ : पहिल्या दिवशी किलोमागे ६०, मग रोज १५ ने वाढवत सातव्या दिवशी १५०. १५०० च्या आतलं बाळ : पहिल्या दिवशी ८०, मग ९५, ११०, १२५, १४० आणि पुढे १५०. वॉर्मरखालच्या बाळाला, फोटोथेरपीत (काविळीसाठी प्रकाशाखाली ठेवलेल्या बाळाला), किंवा उलट श्वास कोंडून जन्मलेल्या बाळाला डॉक्टर यात बदल करतात.

१२.५ टक्के बाजारात मिळत नाही. ते बनवायचं कसं?

१० टक्के आणि २५ टक्के मिसळून. चौकोनाची रीत सोपी आहे. वर लिहा २५, खाली १०, मधे हवा असलेला १२.५. तिरक्या वजाबाक्या करा. २५ वजा १२.५ = १२.५, हे १० टक्क्यांचे भाग. १२.५ वजा १० = २.५, हे २५ टक्क्यांचे भाग. प्रमाण ५ ला १.

५० मिलीच्या सिरिंजसाठी ४० मिली १० टक्के आणि ८ मिली २५ टक्के घेतले की ४८ मिली होतात आणि भागाकारात अपूर्णांक येत नाही. ताळा : ४००० + २००० = ६००० मिग्रॅ, भागिले ४८ = १२५ मिग्रॅ प्रति मिली. बरोबर.

५० टक्क्यांचं वापरायचं असेल तर प्रमाण १५ ला १ होतं : ४५ मिली १० टक्के, ३ मिली ५० टक्के. इथे अर्ध्या मिलीची चूकसुद्धा टक्का हलवते, म्हणून २५ टक्के हाताशी असेल तर तेच घ्यावं. आणि ५ टक्के व २५ टक्क्यांपासून १० टक्के करायचं असेल तर ३ ला १ : ४५ मिली आणि १५ मिली.

मिश्रण भरल्यावर सिरिंज पाच-सहा वेळा उलटी-सुलटी करायलाच हवी. दाट डेक्स्ट्रोज जड असतं, ते तळाशी बसतं. न हलवलेल्या सिरिंजमधून पहिला तास एका टक्क्याचं आणि शेवटचा तास दुसऱ्याच टक्क्याचं द्रव जातं. साखर का हेलकावे खातेय, ते मग कोणालाच उमगत नाही.

दुसरी अशीच न दिसणारी गोष्ट म्हणजे नळीतलं जुनं द्रव. १० टक्क्यांची सिरिंज काढून १२.५ ची लावली, पण एक्स्टेन्शनच्या नळीत २ मिली जुनं द्रव आहे. तासाला ५.२ मिलीने ते संपायला २३ मिनिटं लागतात. तेवढ्यात साखर तपासली तर 'टक्का वाढवूनही फरक नाही' असं वाटतं आणि पुन्हा वाढवायचा आदेश येतो. नळी बाळापासून सोडवून नव्या द्रवाने भरून घ्या, मग जोडा. बाळाला जोडलेल्या नळीतून पुढे ढकलू नका, तो बोलस होईल.

सलाईनमध्ये कॅल्शियम किंवा सोडियम घातलं तर टक्का बदलतो का?

बदलतो, आणि हा हिशेब फार कमी ठिकाणी केला जातो. आपल्या बाळाला दिवसाचं १०८ मिली द्रव आहे आणि त्यात १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोमागे ४ मिली, म्हणजे ७.२ मिली घालायचं आहे. उरलेले १००.८ मिली १० टक्के डेक्स्ट्रोज. ग्लुकोज झालं १०,०८० मिग्रॅ, भागिले १०८ = मिलीत ९३ मिग्रॅ. म्हणजे बाळाला ९.३ टक्के मिळतंय आणि जीआयआर ४.२ ऐवजी ३.९ आहे. धडधाकट बाळाला चालून जाईल, काठावरच्या बाळाला चालणार नाही. लेबलवर 'डेक्स्ट्रोज १० टक्के' असं न लिहिता प्रत्यक्ष काय किती मिली घातलं ते लिहा. कॅल्शियमच्या लाईनमध्ये बायकार्बोनेट जाऊ देऊ नका, साका धरतो.

पंप बंद पडलाय किंवा उपलब्ध नाही. ड्रिपवर कसं सांभाळायचं?

मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली. त्यामुळे तासाचे जितके मिली, तितकेच मिनिटाचे थेंब. ६.५ मिलीसाठी दोन मिनिटांत १३ थेंब मोजा. अर्धा थेंब मोजता येत नाही, म्हणून दोन मिनिटांवर मोजायचं.

मोठ्यांच्या साध्या सेटवर बहुधा २० थेंबांचा १ मिली असतो. तोच 'मिनिटाला ६' ठेवला तर तासाला १८ मिली जातं, जवळपास तिप्पट. सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय थेंब लावू नका. मापाची नळी असलेला पेडिया सेट वापरा आणि तिच्यात २ ते ४ तासांचंच द्रव भरा. बाळाने हात वाकवला की थेंब आपोआप कमी-जास्त होतात, म्हणून दर तासाला नळीवरची पातळी लिहून ठेवायला हवी. पंप असला तरी ही सवय सोडू नये. पंप 'चालू' दाखवतो आणि द्रव हातात सूज होऊन साठत असतं. हाताच्या दोन्ही बाजू चाचपून बघणं हाही जीआयआरच्या हिशेबाचाच भाग आहे, कारण आऊट झालेल्या सलाईनचा जीआयआर शून्य असतो.

दुधातली साखर हिशेबात धरायची का?

धरावी. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ७ ग्रॅम लॅक्टोज असतं. तिसऱ्या दिवशी आपल्या बाळाला किलोमागे ९० मिली, म्हणजे एकूण १६२ मिली द्यायचे आहेत. दर दोन तासांनी ८ मिली दूध, १२ वेळा, म्हणजे ९६ मिली. उरले ६६, ते सलाईनने : तासाला २.७५ मिली. सलाईनचा जीआयआर २.५ आणि दुधाचा सुमारे २.६. दोन्ही मिळून ५.१.

हा बाळाचा अर्धा आधार आहे, हे लक्षात ठेवायचं ते दूध बंद करायची वेळ येते तेव्हा. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, 'दूध थांबवा' असा आदेश आला, तो पाळलाही. पण सलाईन २.७५ वरच राहिली. तीन तासांनी साखर ३० येते. दूध थांबवताना लगेच विचारा : 'सलाईनचा रेट किती करू?' इथे तो १६२ ÷ २४ = ६.७५ होईल. दूध पचलं नाही म्हणून एखादी वेळ चुकवली तरी त्याच क्षणी हिशेब करायचा.

साखर सुधारली. सलाईन कमी कधी आणि कशी करायची?

२४ तास साखर ५० च्या वर टिकली, किमान दोन आकडे सलग चांगले आले, की जीआयआर दर ६ तासांनी २ ने उतरवतात आणि तेवढंच दूध वाढवतात. प्रत्येक पायरीवर साखर. ४ वर येऊन दूध नीट चालू असेल आणि साखर टिकत असेल तर सलाईन काढतात. एकदम बंद करू नये. बाळाचं इन्सुलिन त्या सलाईनच्या मापाने सुटत असतं, ते लगेच थांबत नाही. रात्री दोनला सलाईन आऊट झाली आणि 'सकाळी बघू' म्हटलं, तर तेही एकदम बंद करणंच झालं.

साखर वाढली तर?

१५० च्या वर गेली की आधी नमुना कुठून घेतला ते तपासा, मग मिश्रण आणि पंपाचा रेट. सगळं बरोबर असेल तर जीआयआर हळूहळू उतरवतात. डेक्स्ट्रोज पूर्ण बंद करत नाहीत. काल नीट असलेल्या बाळाची साखर आज त्याच जीआयआरवर चढली तर जंतुसंसर्गाची शंका डॉक्टरांच्या कानावर घाला.

हिशेबाला कोणतं वजन धरायचं? आजचं की जन्माचं?

जन्मवजन परत येईपर्यंत जन्मवजन. ते ओलांडलं की रोजचं वजन. चौथ्या दिवशी वजन १.८ वरून १.६५ झालं म्हणून द्रव १.६५ वर काढलं, तर ज्या बाळाचं पाणी कमी झालंय त्यालाच आपण आणखी कमी देतो.

केसपेपरवर कसं लिहावं?

आकडे इंग्रजीच. या पानावर देवनागरी अंक आहेत, पण वॉर्डात ते नकोत. घाईत लिहिलेला देवनागरी १ हा इंग्रजी ९ सारखा दिसतो आणि ४ हा इंग्रजी ८ सारखा. पंपावरचे आकडे इंग्रजी असतात, कागदही तसाच असावा. एकाहून लहान आकड्याआधी शून्य लिहा : '०.५', नुसतं '.५' नको. पूर्ण आकड्यानंतर दशांश देऊ नका : '५' लिहा, '५.०' नको, कारण टिंब पुसट झालं की पन्नास होतात. पाळी बदलताना वजन, टक्का, तासाचे मिली आणि त्यावरून येणारा जीआयआर, चारही एका ओळीत. नवीन सिस्टरने चौथा आकडा स्वतः काढून बघायचा. मिश्रण बनवणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने हिशेब वेगवेगळा करायचा. दुसऱ्याचा कागद बघून मान हलवली तर ती तपासणी झाली नाही.

बाळाचं वजन रोज वेगवेगळं येतं. काटा खराब आहे का?

कधी असतोही, पण बहुतेक वेळा पद्धत बदललेली असते. वेळ रोज एकच, दूध पाजण्याआधी. बाळ उघडं. काटा सपाट आणि पक्क्या जागेवर, वरचा पंखा बंद. कोमट कापड ताटात पसरा, मग शून्य करा, मग बाळ ठेवा. हाताला स्प्लिंट आणि पट्टी असेल तर तसलीच स्प्लिंट वेगळी तोलून वजा करा आणि 'स्प्लिंटसह' अशी नोंद ठेवा, नाहीतर स्प्लिंट काढल्याच्या दिवशी वजन उतरल्यासारखं दिसतं. काटा ५ ते १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. आठवड्यातून एकदा माहीत असलेलं वजन ठेवून पारखून घ्या. आकडा पटला नाही तर बाळ उचलून, शून्य करून पुन्हा तोला.

वजन किती उतरलेलं चालतं?

उतार टक्के = (जन्मवजन − आजचं) ÷ जन्मवजन × १००. २८०० चं बाळ २५५० झालं : २५० ÷ २८०० = ८.९ टक्के. पूर्ण दिवसांच्या बाळाचं १० टक्क्यांपर्यंत, आधी जन्मलेल्याचं १५ पर्यंत उतरू शकतं. पहिलं ७ ते १० दिवसांत जन्मवजनावर येतं, दुसरं १० ते १४ दिवसांत. ८.९ टक्के चालतं म्हणून गप्प बसू नये. पाजताना शेजारी उभं राहून बाळ नीट धरतंय का, गिळल्याचा आवाज येतो का, दिवसाला सहा-आठ वेळा लघवी होते का, हे बघायला हवं.

एका दिवसात ३ टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडतंय. उलट सलाईनवरच्या बाळाचं वजन पहिल्या तीन दिवसांत वाढलं तर ती वाढ समजू नका. ते अंगात साठलेलं पाणी असतं.

'ग्रॅम प्रति किलो प्रति दिवस' कसं काढायचं?

बाळ गेल्या सोमवारी १४२० ग्रॅम, या सोमवारी १५६५. वाढ १४५ ग्रॅम, दिवस ७. सोमवार ते सोमवार बोटावर मोजले तर आठ भरतात, पण मधले दिवस सातच. दोन्ही वजनांची सरासरी १४९२.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.४९ किलो. १४५ ÷ ७ = २०.७ ग्रॅम रोज. २०.७ ÷ १.४९ = १३.९.

कमी दिवसांच्या बाळाचं लक्ष्य १५ ते २० असतं, म्हणजे हे बाळ थोडं मागे आहे. सुरुवातीच्या वजनाने भागलं असतं तर १४.६ आलं असतं आणि 'जवळपास आहे' म्हणून सोडून दिलं असतं. सरासरीने भागणं जास्त खरं. पूर्ण दिवसांच्या बाळाला किलोचा हिशेब लागत नाही, रोज २५-३० ग्रॅम वाढ पुरे. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, शी झाली-नाही एवढ्यानेही तो हलतो. तीन दिवसांचा कल बघा. घरी सोडतानाही सलग तीन दिवस वाढ आहे का, हेच पाहतात.

वाढ कमी आहे. आधी काय तपासायचं?

आधी दूध खरंच पोटात किती जातंय ते. आदेश किलोमागे १६० चा असतो, दीड किलोच्या बाळाला दर दोन तासांनी २० मिली. पण रात्रीच्या दोन वेळा चुकल्या आणि बोंडल्याने पाजताना प्रत्येक वेळी ३ मिली ओठांतून दुपट्यावर सांडलं, तर २४० चे १७० होतात. दुपटं ओलं असेल तर ते तोलून बघा. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली.

मग उष्मांक. आईच्या दुधात १०० मिलीला सुमारे ६७ किलोकॅलरी. १५० मिलीने किलोमागे १०० च मिळतात, आणि लहान बाळाला ११० ते १३५ लागतात. १८० मिलीने १२० होतात, किंवा डॉक्टरांनी फोर्टिफायर (आईच्या दुधात मिसळायची पोषक पूड) सांगितलं असेल तर १५० मिलीतच १२०. आई दूध काढत असेल तर शेवटचं, दाट दूध वेगळ्या वाटीत घेऊन आधी तेच द्या.

मग गारठा. पाय थंड असलेलं बाळ खाल्लेलं सगळं ऊब धरण्यात घालवतं. आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने जितके तास मिळतील तितके द्या, टोपी-मोजे घाला. एवढं करूनही वजन हलेना, तर रक्त कमी आहे का, संसर्ग आहे का, हे डॉक्टर बघतील.

मध, साखरपाणी किंवा बाळगुटीने साखर आणि वजन वाढतं का?

नाही. मधातून लहान बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो, वर्षाच्या आत मध चाटवू नये. साखरपाण्याने आणि गुटीने पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. आजीला हे सांगताना रागवू नका. तिला तोलकाट्यापाशी बोलवा आणि कालचा-आजचा आकडा दाखवा.

घरी गेल्यावर वजन कोण बघणार?

आशाताई. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली, आणि तिच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. सुट्टीच्या कागदावर जन्मवजन, सर्वांत कमी झालेलं वजन आणि सोडतानाचं वजन, तिन्ही तारखांसकट लिहा. आशाताईंच्या झोळीच्या काट्यावर आलेला आकडा वॉर्डातल्या काट्याशी जुळेलच असं नाही, म्हणून पहिल्या भेटीचं वजन हाच पुढच्या भेटींचा पाया धरावा. आईला मात्र आकडे सांगण्यापेक्षा खुणा सांगा : बाळ दूध ओढेनासं झालं, अंग थंड लागलं, ढिलं पडलं किंवा थरथरलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता १०८ ला फोन करायचा आणि वाटेत बाळ छातीशी धरून पाजत आणायचं.